ती बुरशी कवा यायची?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, आणि वाचून झाल्यावरच कॉमेंट करा ही विनंती.

मागच्या आठवड्यात मोबाइलवर एक निमंत्रण आलं. "जैविक तंत्रज्ञानाद्वारे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण. प्रात्यक्षिक व पत्रकार परिषद. त्यानंतर स्नेहभोजन." खाली फोटो. टेबलावर काचेची दोन भांडी, एकात काळंकुट्ट पाणी, दुसऱ्यात फिक्या चहाच्या रंगाचं. फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला. कारण ही दोन भांडी मी आधी बघितली आहेत.

चौदा-पंधरा वर्षं झाली त्याला. पत्रकारितेचा डिप्लोमा करून तालुक्याच्या बातमीदारीत नुकता रुळत होतो. आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर अशीच प्रेस झाली. बाहेरगावच्या कुठल्याशा कंपनीचे दोन साहेब आले होते. काळ्या पाण्याच्या बाटलीत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या तरंगत होत्या. साहेब म्हणाले, "ही बुरशी आहे. मळीच्या पाण्यातला रंग खाते." शेजारच्या भांड्यात रंग खाऊन झालेलं पाणी होतं. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. जेवणात मटण होतं, तेही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी चार कॉलमी बातमी लागली: "आता बुरशी पिणार मळीचे पाणी!" मथळा माझाच.

कृष्णाकाठच्या माणसाला मळीचं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. उसापासून साखर काढून झाली की उरते ती मळी. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की उरतं ते स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागं साधारण १० ते १५ लिटर. गरम, आंबट, काळं-तपकिरी आणि वासाचं. त्यात सडण्याजोगा माल इतका, की तो सडवताना जिवाणूंना एका लिटरमागं ४० हजार मिलिग्रॅमच्या पुढं प्राणवायू लागतो. चांगल्या वाहत्या नदीच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश नदीच्या पाच-सहा हजार लिटर पाण्यातला श्वास ओढून घेऊ शकतो. मासे विषानं मरतात असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ते गुदमरून मरतात.

आमच्या घाटावर एक तात्या आहेत. भोई. तेव्हा साठीचे असतील, आता जाळं नातवाकडं दिलंय. बातमी आली त्या दिवशी नातवानं ती त्यांना वाचून दाखवली होती. पुढच्या उन्हाळ्यात पहिला वळीव झाला, कुठून तरी काळा लोट आला आणि काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. वाम, मरळ, शिंगाळा, सगळं पांढऱ्या पोटानं उलटं. मी फोटो काढायला गेलो. तात्या पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "काय पत्रकार, ती तुमची बुरशी कवा यायची?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर दर वेळी मासे मेले की हा प्रश्न मला ऐकू येतो, तात्या तिथं असोत वा नसोत.

मग मी वाचायला लागलो. मी शास्त्रज्ञ नाही, बारावी सायन्सला केमिस्ट्रीत काठावर पास. पण जे सापडलं ते इतकं भारी आहे, आणि त्या दिवशी प्रेसला आम्ही जे विचारलं नाही त्याचं उत्तरही त्यातच आहे, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे बुरशीचं हे काम खरं आहे. थाप नाही. आणि नवंही नाही.

सुरुवात जपानमध्ये होते, आणि तिथं प्रदूषणाचा विषयही नाही. जपानी कारागीर एका झाडाचा चीक लाकडी भांड्यांवर चढवतात. त्याचा चकचकीत काळा थर होतो, तो शेकडो वर्षं टिकतो. १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की चीक नुसता वाळून घट्ट होत नाही. त्यात एक पदार्थ आहे, जो हवेतला प्राणवायू वापरून त्याचं रूपांतर करतो. पुढं दहाएक वर्षांनी फ्रान्सच्या गॅब्रिएल बर्त्रां यांनी त्याला 'लॅकेज' असं नाव दिलं. हे एन्झाइम. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणायचे. तेच लॅकेज थोड्याच दिवसांत फ्रान्समध्ये अळंबीतही सापडलं. झाडाच्या चिकात आणि कुत्र्याच्या छत्रीत एकच हत्यार निघालं. त्याचं करायचं काय, हे मात्र पुढची कित्येक वर्षं कुणालाच कळलं नाही.

आता लाकडाकडं या. पावसाळ्यात रानात पडलेला जुना ओंडका फोडून बघा. कधी आत तपकिरी चौकोनी भुगा असतो. कधी पांढरट, तंतुमय, भिजल्या कापसासारखा लगदा असतो. दोन्ही बुरशीची कामं, पण दोन वेगळ्या बुरशींची. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना जखडून ठेवणारं लिग्निन असतं, म्हणजे विटांमधलं सिमेंट म्हणा. तपकिरी कूज आणणारी बुरशी धागे खाते आणि सिमेंट बहुतांशी तसंच टाकते. पांढरी कूज आणणारी सिमेंट फोडते. लिग्निन फोडून साफ करणं या पांढऱ्या कुजीइतकं दुसऱ्या कुणालाच जमत नाही.

यात अवघड काय आहे? बहुतेक एन्झाइमं कुलूप-किल्लीसारखी असतात, ठरावीक आकाराच्या रेणूलाच लागू पडतात. लिग्निनला ठरावीक आकारच नाही. त्याच्या कड्या वाटेल तशा जोडलेल्या. एवढ्या कुलपांना किल्ल्या करायच्या किती! बुरशीनं किल्ल्यांचा नाद सोडला आणि घण उचलला. ती आपल्या शरीराबाहेर अशी एन्झाइमं सोडते, जी समोरच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. रेणू अस्थिर होतो आणि पुढं आपलाआपणच तुटत जातो. घणाला कुलूप कुठल्या कंपनीचं याच्याशी देणंघेणं नसतं. पुढची सगळी गोष्ट या घणाची आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं शहर आहे. तिथं तिथल्या वनखात्याची लाकूड-संशोधन प्रयोगशाळा आहे, १९१० सालची. टी. केंट कर्क तिथं लिग्निनच्या मागं लागले होते. त्यांना नदी साफ करायची नव्हती. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना लिग्निन काढायला रसायनं लागतात, ते काम बुरशीकडून होतं का हे बघायचं होतं. त्यांची बुरशी होती फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम. नाव विसरलात तरी चालेल. ४० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत खूश असते, म्हणजे स्वभावानं आपल्याकडचीच. १९७८ मध्ये कर्क आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. ही बुरशी घण केव्हा उचलते? समोर लिग्निन आहे म्हणून नाही. तिच्या खुराकातला नायट्रोजन संपला की उचलते. पोटभर नायट्रोजन असेपर्यंत ती आपली वाढत बसते.

हे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय, पुढं लागणार आहे.

१९८३ मध्ये घण हाती लागला. मॅडिसनला मिंग टिएन आणि कर्क यांना, आणि त्याच वर्षी ऑरेगनमध्ये मायकेल गोल्ड यांच्या गटाला. दोघांनी स्वतंत्रपणे ते एन्झाइम वेगळं काढलं. लिग्निन पेरॉक्सिडेज. नावातच आलंय, त्याला काम करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतो. तोही बुरशी स्वतःच बनवते, बऱ्याचदा साखरेपासून.

टिएन आधी मिशिगनला स्टीव्हन ऑस्ट यांच्याकडं काम करत होते. ऑस्ट यांचा विषय रसायनांची विषबाधा. आणि मिशिगन म्हणजे ते राज्य, जिथं १९७३ मध्ये आग रोखणारं एक रसायन चुकून जनावरांच्या खाद्यात मिसळलं गेलं आणि ते दुधामांसातून लाखो माणसांच्या पोटात गेलं. दुधाचा धंदा करणाऱ्यांनी हा किस्सा मुद्दाम शोधून वाचावा, झोप उडेल. तर अशा राज्यातल्या प्रयोगशाळेत प्रश्न पुढं आला, की घण लिग्निनवर चालतो तर मग या न मरणाऱ्या विषांवर का चालू नये?

१९८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बंपस, टिएन, राइट आणि ऑस्ट यांचा निबंध आला. बुरशीला पाच विषं दिली होती. डीडीटी, लिंडेन, डायॉक्सिनचा सगळ्यात जहाल प्रकार, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी आणि धुराच्या काजळीतलं बेन्झोपायरीन. प्रत्येक विषातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केली होती. काही दिवसांनी ती खूण बाहेर पडणाऱ्या कार्बन डायॉक्साइडमध्ये सापडली. म्हणजे विष नुसतं दिसेनासं झालं नव्हतं, त्याचा अगदी शेवटपर्यंत निकाल लागला होता.

यातली दोन नावं आपल्या घरातलीच आहेत. भिंतीवर फवारणीची तारीख खडूनं लिहून जाणारे मलेरियाचे कर्मचारी आठवतात? ते डीडीटी. रसायनीला सरकारी कंपनी ते बनवायची. आणि आजीनं धान्याच्या कणगीभोवती पांढऱ्या भुकटीची रेघ मारलेली आठवते, गॅमेक्सिन? त्याच्यातला मारक भाग म्हणजे लिंडेन. शेतीसाठी डीडीटी आपल्याकडं १९८९ मध्ये बंद झालं. जमिनीतून ते लवकर जात नाही.

१९८५ च्या निबंधानं जगभर खळबळ उडाली. मासिकांत लेख आले, कंपन्या निघाल्या. आमच्या गेस्ट हाऊसवरची बाटली याच खळबळीची पणती म्हणायला हरकत नाही. पण तो निबंध नीट बघितला तर प्रयोग मिलिलिटरमध्ये मोजण्याचा आहे. विष अगदी कणभर, ३० दिवस वाट बघितली, आणि कार्बन डायॉक्साइडपर्यंत पोचला त्यातला थोडाच भाग. लेखकांनी ते लपवलेलं नाही. आकडे छापलेत. लपवलं असेल तर आमच्यासारख्या मथळा लिहिणाऱ्यांनी.

शिवाय तीनच वर्षांत, १९८८ मध्ये, दुसऱ्या एका गटानं निबंध छापला, की डीडीटी मोडण्यात या बाहेर सोडलेल्या एन्झाइमचा हातच नाही. बुरशी डीडीटी मोडते हे खरं, पण घण न उचलताही मोडते. मग मोडतं कोण? बुरशीच्या पेशीच्या आत आणखी एक मोठा कारखाना आहे, आपल्या लिव्हरमध्ये औषधं मोडणारी एन्झाइमं असतात त्याच घराण्यातला. २००४ मध्ये या बुरशीचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्या घराण्याची दीडशेच्या आसपास जनुकं तिच्यात निघाली. म्हणजे वीस वर्षं आपण घणाचा जयजयकार करत होतो आणि निम्मं काम दुसराच गडी करत होता.

बाटलीबाहेर, खऱ्या जमिनीत काय झालं? विस्कॉन्सिनमध्येच ओशकोश नावाच्या गावी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वापरायच्या पेंटाक्लोरोफेनॉल या विषानं माती नासली होती. रिचर्ड लामार यांनी लाकडाच्या चिपांवर वाढवलेली बुरशी त्या मातीत मिसळली. निकाल १९९० मध्ये छापला. साडेसहा आठवड्यांत विषाचं प्रमाण ८८ ते ९१ टक्क्यांनी घटलं. माझ्यासारख्याला मथळा इथंच मिळाला असता. पण त्याच निबंधात पुढं लिहिलंय की घटलेल्यातला थोडा भाग दुसऱ्या रसायनात बदलला, आणि बहुतेक भाग मातीला असा घट्ट चिकटला असणार की कुठल्याही द्रावकानं तो परत काढता येत नाही. चिकटलं म्हणजे संपलं का? काही जण म्हणतात, बाहेर येत नाही तोवर धोका नाही. काहींना ते उधारी दुसऱ्या वहीवर चढवल्यासारखं वाटतं. मी दुसऱ्या बाजूचा. पण माती निदान जागची हलत नाही. नदी हलते.

आता आपल्या काळ्या पाण्याकडं.

स्पेंटवॉशचा रंग येतो कुठून? भाकरीवर तपकिरी फोड येतात, कांदा परतला की लालसर होतो, कॉफी भाजली की काळी पडते, तिथून. साखर आणि प्रथिनांचे तुकडे उष्णतेत एकत्र आले की ही क्रिया होते. लुई मायार या फ्रेंच डॉक्टरनं १९१२ मध्ये ती मांडली. तयार होणाऱ्या रंगद्रव्याला मेलॅनॉइडिन म्हणतात. तेही लिग्निनसारखंच वेडंवाकडं, ठरावीक आकार नसलेलं. कारखान्यात स्पेंटवॉशपासून बायोगॅस काढतात, त्यात प्राणवायू खाणारा बराचसा माल जातो. रंग मात्र हलत नाही. जिवाणू त्याच्यापुढं हात टेकतात.

म्हणजे घणाचंच काम. जपानी संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की पांढऱ्या कुजीच्याच कुळातल्या एका बुरशीचं एन्झाइम मेलॅनॉइडिनचा रंग उतरवतं. आणि आपल्याकडं? हे वाचून मी खुर्चीवरून उठलोच. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ ची. तिथं चंद्रलता रघुकुमार समुद्रातल्या बुरशींवर काम करत होत्या. प्रवाळाच्या उथळ खाजणात वाढणाऱ्या समुद्री गवताच्या कुजक्या पानावर त्यांना फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस ही बुरशी मिळाली. खाऱ्या पाण्यात राहिलेली, म्हणून क्षारांना न घाबरणारी. कारखान्याच्या सांडपाण्यात क्षार असतातच. त्यांनी तिला स्पेंटवॉश दिलं. २००१ मध्ये निकाल छापला: आठ दिवसांत ८० टक्के रंग गेला. २००४ मध्ये पुढचा निबंध आला. या वेळी बुरशी स्पंजाच्या तुकड्यांवर बसवली होती, आणि साफ झालेल्या पाण्यात चक्क मासे सोडून बघितलं होतं. आपल्याकडं धरणात मिळतात ते तिलापिया. साध्या स्पेंटवॉशमधल्या माशांच्या लिव्हरला इजा झाली, बुरशीतून गेलेल्या पाण्यातल्यांना नाही.

रंगाच्या पुढं जाऊन मासा जगतो का, हे विचारणारी माणसं आमच्यापासून रातराणीच्या अंतरावर बसली होती. आणि आम्ही गेस्ट हाऊसवर मटण खात होतो.

मग झालं का नाही? इथं ते तीन प्रश्न येतात, जे मी त्या दिवशी विचारले नाहीत. किती लिटर? किती दिवस? आणि बुरशीला खायला काय दिलं?

तिसरा प्रश्न सगळ्यात बोचरा. बुरशी मेलॅनॉइडिन फोडते, पण त्याच्यावर जगत नाही. घण चालवायला पेरॉक्साइड लागतो आणि पेरॉक्साइड बनवायला साखर. गोव्याच्या २००१ च्या निबंधातच लिहिलंय की रंग सगळ्यात चांगला कधी उतरला, तर पाण्यात ५ ते १० टक्के साखर घातली तेव्हा. पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरा. लिटरमागं दहाच्या हिशेबानं स्पेंटवॉश सहा लाख लिटर. त्यात पाच टक्के साखर म्हणजे ३० हजार किलो. तीस टन, रोज. चाळीस रुपये किलोनं दिवसाला बारा लाख रुपये. साखरेचं सांडपाणी धुवायला साखर! साखरेऐवजी मळी घाला म्हणाल, तर मळीचंच अल्कोहोल होतं आणि घातलेल्या मळीचा रंग परत आहेच. प्रयोगात हे पाणी पातळ करूनही घेतलं होतं. दहापट पातळ करायचं तर वरचे सगळे आकडे दहापट.

किती दिवस, तर आठ. म्हणजे न थांबता येणारं सहा लाख लिटर पाणी आठ दिवस साठवायचं, तेही खळखळ हवा देत, कारण बुरशीला श्वास लागतो. आणि प्रयोगशाळेत बाटली निर्जंतुक असते, कारखान्याचा तलाव उघडा असतो. एवढी साखर उघड्यावर दिसली की जिवाणू तुटून पडतात, आणि वाढीच्या शर्यतीत बुरशी त्यांच्यापुढं टिकत नाही. वर अधोरेखित केलेलं वाक्य आठवा. मॅडिसनची ती बुरशी नायट्रोजन संपल्यावरच कामाला लागते. स्पेंटवॉशमध्ये मेलेल्या यीस्टचा नायट्रोजन भरपूर असतो. सगळ्याच बुरशींचा स्वभाव असा नाही, गोव्याची त्या बाबतीत समजूतदार निघाली. पण बुरशीनुसार स्वभाव बदलतो, हे प्रेसला सांगणारा साहेब मला अजून भेटायचाय.

आणि आमच्या त्या फिक्या चहाच्या भांड्याचं काय? बुरशीचे तंतू रंग नुसता चिकटवूनही घेतात, फडक्यानं शाई टिपावी तसा. पाणी फिकं दिसतं, पण रंग मोडलेला नसतो, गोळ्यांवर बसलेला असतो. पातळ केलेलं पाणी तर फिकं दिसणारच. रंग म्हणजे प्राणवायूची मागणी नाही. मासा गुदमरतो तो मागणीनं. आम्ही पत्रकार फोटो रंगाचा काढतो.

मग हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं का? नाही. तुमच्या अंगात जीन्स असेल तर हात लावून बघा. विटका निळा रंग आणायला पूर्वी कापड दगडांबरोबर घुसळायचे, वर ब्लीच मारायचे. १९९० च्या दशकाच्या मध्यात डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं त्यासाठी लॅकेज बाजारात आणलं. तेच, जपानी चिकातलं. ते नीळ मोडतं. तिथं जमलं, कारण रंग एकच, तापमान ठरलेलं, जिवंत बुरशी पोसायची भानगड नाही, नुसतं एन्झाइम पिंपातून ओतायचं. आणि विटक्या जीन्सला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं.

आपल्या काळ्या पाण्याचं सरकारनं काय ठरवलं? २००३ मध्ये केंद्रीय पातळीवर उद्योगांशी एक सनद झाली. त्यात डिस्टिलऱ्यांनी २००५ अखेरपर्यंत सगळं स्पेंटवॉश जिरवायचं असं ठरलं. प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करा, किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळा, पण थेंब बाहेर जाता कामा नये. ते अवघड असलं तरी होणारं काम आहे, आणि बरेच जण करतातही. फक्त आटवायला वाफ लागते, वाफेला पैसे लागतात, आणि कंपोस्ट यार्डाला पाऊस लागत नाही. पहिल्या वळवात काळा लोट येतो तो कुठून, याचा अंदाज आमच्या घाटावरच्या शाळकरी पोराला पण आहे. मधल्या काळात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं आणि झालंही. शेतकऱ्याच्या बिलाला त्याचा आधार आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण लिटरमागं दहा-पंधरा लिटरचा हिशेब इथेनॉललाही लागू आहे.

म्हणूनच ती दोन भांडी मला घातक वाटतात. बुरशीवर माझा राग नाही. उलट तिच्याबद्दल वाचून मी तिच्या प्रेमात आहे. पण होणारं काम समोर असताना ते पुढं ढकलायला 'नवीन तंत्रज्ञान येतंय' यासारखं निमित्त नाही. माझ्या त्या चार कॉलमांनी कुणाला तरी एक हंगाम मिळवून दिला असेल. किती मासे, ते मोजलेलं नाही.

गेल्या रविवारी तात्यांकडं गेलो. आता त्यांना कमी ऐकू येतं, ओरडून सांगावं लागतं. घण, साखर, आठ दिवस, तीस टन, सगळं सांगितलं. माझी बातमी अर्धवट होती, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तिला बी रोज जेवाय घालाय लागतंय." मी म्हटलं, हो. "मग आमच्या नदीत कोण घालनार?" एवढं बोलून ते नातवाला जाळ्याची गाठ कशी चुकली ते दाखवायला लागले.

बुधवारी मी त्या निमंत्रणाच्या कार्यक्रमाला गेलो. भांडी तशीच होती, साहेब नवे होते. माझी पाळी आल्यावर तिन्ही प्रश्न विचारले. किती लिटरवर केलं, किती दिवस लागले, खायला काय घातलं. आणि वरती चौथा, की या फिक्या पाण्यात मासा सोडून दाखवता का. हॉल गप्प. मग साहेब हसून म्हणाले, "छान प्रश्न आहेत, आमची टेक्निकल टीम तुम्हाला मेल करेल." मी मेल आयडी मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि जेवायला न थांबता निघालो.

आज रविवार. मेल आलेला नाही. आला की इथंच टाकतो.